सोळा आणे रान

भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात, कृष्णेच्या काठी आमचं गाव. या भागात माणसाची ओळख त्याच्या रानावरून व्हायची. सोयरीक जुळवायला पाहुणे आले की मुलाच्या शिक्षणाआधी रानाची चौकशी. किती एकर हा प्रश्न नंतरचा, आधी कुठल्या अंगाचं ते विचारायचे. नदीकडचं रान आहे म्हटल्यावर पाहुणे मांडी सैल करून बसायचे. माळाकडचं असलं तर चहा घेऊन "कळवतो" म्हणत उठायचे. आमच्या थोरल्या आत्याचं लग्न ठरलं तेव्हा आजोबांनी, आमच्या आबांनी, आधी एकट्यानं जाऊन व्याह्यांच्या रानात चक्कर मारली होती. ढेकूळ उचलून हातात फोडलं, वास घेतला आणि तिथूनच निरोप धाडला, की मुलगी द्यायला हरकत नाही.

नदीपासून वर चालत निघालं की कोसाभराच्या वाटेत सगळ्या जातीची माती पायाखालून जायची. अगदी काठाला मळी. पावसाळ्यात कृष्णा चढायची आणि उतरताना पोयट्याचा थर मागं ठेवून जायची. त्या रानात गाडीभर शेणखत कुणी टाकलेलं मला आठवत नाही, ते काम नदीच करायची. पूर ओसरून वाफसा आला की तिथं वांगी लागायची. कृष्णाकाठच्या वांग्यांचं नाव मंडईत आजही घेतात, ते त्या मळीच्या जिवावर. पातळ सालीची, बी कमी असलेली ती वांगी आज्जी चार चिरा देऊन शेंगदाण्याच्या कुटात भरायची, आणि पातेलं उतरायच्या आत आम्ही पोरं भाकरी घेऊन चुलीपाशी बसलेली असायचो.

मळीच्या वर काळी. ही आमच्या भागाची खरी दौलत. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडायच्या की चेंडू गेला तर परत मिळायचा नाही. भेगाळलेलं रान बघून शहरातल्या माणसाला वाईट वाटतं, पण आबा त्या भेगांकडं समाधानानं बघायचे. वरची भुसभुशीत माती वाऱ्यानं त्या भेगांत पडायची, वळवाचं पाणी त्याच वाटेनं खोल उतरायचं, मग माती फुगून भेगा मिटायच्या. वरची माती खाली आणि खालची वर, असा फेरा वर्षानुवर्षं चालायचा. "काळी आपली आपण नांगरती," असं आबा म्हणायचे. पुढं कॉलेजात शिकताना कळलं, की या मातीतल्या चिकणमातीचे कण पाण्यानं फुगतात आणि सुकल्यावर आक्रसतात, आणि जगभरचे मृदाशास्त्रज्ञ या काळ्या मातीचं वर्णन जवळपास आबांसारखंच करतात.

काळीच्या वर तांबूस मध्यम रान आणि त्याच्याही वर मुरमाड माळ. माळावर हुलगा, मटकी, बोरीची झाडं, कुसळाचं गवत आणि मेंढरं. तिथल्या लोकांची पावसावर भिस्त. नदीकाठच्यांच्या घरी शाळूची पोती थप्पीला लागायची, तेव्हा माळावरची माणसं आमच्याकडं काढणीला यायची आणि मजुरीत धान्य घेऊन जायची. कुणाचं रान उजवं आणि कुणाचं डावं, याबद्दल शिवारात दुमत नव्हतं.

सरकारदप्तरीही तीच प्रतवारी होती. इंग्रजांच्या काळात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून जमिनीच्या पाहणीची जी पद्धत घालून दिली, ती पुढं मुंबई इलाख्यात सगळीकडं लागू झाली. आमचा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. पाहणीवाले शेतात जागोजागी खणून मातीचा रंग आणि खोली बघायचे. पावणेदोन हात खोल काळी माती मिळाली की ती पहिल्या प्रतीची, सोळा आण्यांची. खोली घटत जाईल, रंग फिका पडत जाईल तशी प्रत उतरत जाऊन नवव्या वर्गाला दोन आणे. त्यातही चुनखडी, उतार, पाणी न जिरणं, रानात उमाळे फुटून ओल राहणं असे दोष दिसले की प्रत आणखी खाली. आबांच्या तोंडी "आपलं रान सोळा आण्यांचं" हे वाक्य असायचं ते त्या जुन्या पाहणीतूनच आलेलं. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या माणसांनीही रानात पाणी साचून राहणं हा दोषच मानला होता, हे आज मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता मनात येतं, ते सोळा आणे काही मातीनं एकटीनं कमावलेले नव्हते. आमच्या वाडवडिलांचे त्यात कितीतरी कष्ट होते. पावसाळाभर शाळूचं रान मोकळं ठेवायचे. पाऊस उघडला की कुळवाची पाळी, पुन्हा तण उगवलं की पुन्हा पाळी. हस्ताचा पाऊस पोटात घेऊन रान तयार झालं की कुरीनं शाळू पेरायचा. मालदांडी शाळू पुढं थंडीवर आणि पोटातल्या ओलीवर चार महिने काढायचा, वरून पाण्याचा थेंब लागायचा नाही. जानेवारीत हुरडा. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजायची, गरम कणीस हातावर चोळायचं, फुंकर मारायची आणि खोबरं-लसणाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचं. त्या हुरड्याला जी गोडी होती ती कोरडवाहू काळीची. पाटाच्या पाण्यावरच्या शाळूला ती येत नाही, असं आमच्याकडं अजूनही मानतात.

बेवड हा तर घराघरातला विषय. कुठल्या पिकामागं कुठलं पीक, याचा निर्णय घरातली जाणती माणसं जेवण झाल्यावर अंगणात बसून करायची. हरभऱ्याचा बेवड शाळूला चांगला, भुईमुगाचा हळदीला चांगला. तूर निघाली की आबा खूश, कारण तिचा पाला रानात झडलेला आणि मुळं खोलवर गेलेली. ओळीनं दोन वर्षं एकच पीक घेणाऱ्याला गावात हावरा म्हणायचे.

दिवाळीच्या आगंमागं धनगर यायचे. त्यांचा कळप आपल्या रानात बसावा म्हणून गावात चढाओढ लागायची. रात्रभर मेंढरं बसली की सकाळी रानात लेंड्यांचा सडा. बदल्यात धनगरांना धान्य, गूळ, पोरांना कापड द्यायचं. एका पट्टीत दोन-तीन रात्री, मग वाघर उचलून शेजारच्या पट्टीत. आज्जी तिन्हीसांजेला त्यांच्या पालावर ताक पाठवायची आणि आम्ही कोकरांशी खेळायला मिळावं म्हणून ते तांब्याचं ओझं आनंदानं न्यायचो. थंडीत त्यांच्या शेकोटीला बसून ऐकलेल्या बिरोबाच्या गोष्टी अजून कानात आहेत.

आणि पाडव्याची पहाट. दारात शेणाचे पांडव मांडलेले, त्यांच्यावर झेंडूची फुलं. घरातले, गोठ्यातले, विहिरीवरचे दिवे लावून झाले की आज्जी एक पणती पदराआड धरून घरामागच्या उकिरड्याकडं निघायची. मी मागोमाग. ती उकिरड्यावर पणती ठेवायची, हळदकुंकू वाहायची, आणि इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो म्हणत हात जोडायची. लहानपणी मला नवल वाटायचं, की घाणीच्या ढिगाला कशाला दिवा. आज्जी म्हणाली होती, "बाळा, आपल्या ताटातली भाकरी हितनंच निघती. देवघरातल्या लक्ष्मीला समद्यांनीच दिवा लावायचा, पर हिला कुणबिणीनं इसरायचं न्हाई." वर्षाचं शेणखत त्या ढिगातून गाड्या भरभरून रानात जायचं. आमच्या मातीचा कस तिथं तयार व्हायचा.

आमच्या भागाला आणखी एक भाग्य लाभलं होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळावर, कुंडल रोड स्टेशनाजवळ कारखाना उभारला आणि किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचा लोखंडी नांगर आधी कुणी घ्यायला धजत नव्हतं, लोखंडानं माती विषारी होईल अशी भीती होती. पण काळीत हरळी आणि कुंदा माजला की लाकडी नांगर हात टेकायचा, तिथं हा नांगर मुळासकट उपटून काढायचा. आबांच्या वडिलांनी घेतलेला असा एक नांगर आमच्या गोठ्यात होता. तीन-चार बैलजोड्या जुंपून पहाटे नांगरट चालायची. बैलांना हाक देत म्हटलेली गाणी नदीपलीकडं ऐकू जायची. नांगरट रोज नव्हती, दरवर्षीही नव्हती. गरज बघून करायची आणि नांगरलेलं रान उन्हाळाभर तापू द्यायचं.

हरिपूरच्या पेवांची गोष्ट तर सांगितलीच पाहिजे. कृष्णा आणि वारणेच्या संगमावरचं हे गाव. तिथल्या घट्ट, कोरड्या मातीत अरुंद तोंडाची आणि पोटात रुंद होत जाणारी पेवं खणलेली. सांगलीची हळद त्या पेवांत भरून तोंड मातीनं लिंपून टाकायचे. आत हवा नाही, ओल नाही, म्हणून कीड नाही. वर्षांमागून वर्षं हळद जशीच्या तशी राहायची. पेव उघडलं की आत लगेच उतरायचं नाही, आधी हवा खेळू द्यायची, हा दंडक. माझे वडील, तात्या, मला एकदा हळदीच्या गाडीबरोबर तिथं घेऊन गेले होते. माती पीकही देते आणि पिकवलेलं सांभाळूनही ठेवते, हे तिथं डोळ्यांनी पाहिलं. २००५ च्या महापुरात त्या पेवांत पाणी शिरलं, फार मोठं नुकसान झालं आणि व्यापार गोदामांकडं वळला. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या बातमीनं मला हरिपूरची ती दुपार आठवली.

आमच्या शिवारात पाणी आलं ते माझ्या शाळेच्या वयात. त्याआधी विहिरीवर मोट होती, हळदीला आणि थोड्याशा उसाला पुरेल एवढंच पाणी. कराडजवळ खोडशीच्या बंधाऱ्यावरून निघालेला कृष्णा कालवा एकोणिसाव्या शतकातला, पण त्याचं पाणी ठरावीक गावांना. साठच्या दशकात कोयना धरण झालं आणि उन्हाळ्यात पायी ओलांडता येणारी कृष्णा बारमाही वाहू लागली. नदीवर इंजिनं बसली, मग विजेच्या मोटारी, मग सहकारी पाणीपुरवठा संस्था. वसंतदादांनी सांगलीत साखर कारखाना उभा केला, पाठोपाठ वाळव्यापासून शिरोळपर्यंत कारखान्यांची धुराडी उभी राहिली.

त्या दिवसांचा आनंद मी विसरू शकत नाही. नदीवरून आलेलं पाणी पहिल्यांदा आमच्या पाटात पडलं तेव्हा आज्जीनं पाण्याला ओटी वाहिली होती. गावातली बायकापोरं पाटाच्या कडेनं पाण्याबरोबर पळत होती. उसानं आम्हाला उभं केलं. आमच्या पिढीची शिक्षणं उसाच्या बिलावर झाली. कुडाच्या भिंती जाऊन विटांच्या आल्या, आजारी माणसाला मिरजेच्या दवाखान्यात न्यायची ताकद आली. दिवाळीला कारखान्याची सवलतीची साखर यायची आणि त्या साखरेच्या करंज्या गावभर वाटल्या जायच्या. उसाला नावं ठेवणं मला कधी जमणार नाही.

पण आबांना एक काळजी होती. तात्या नवं पाणी बघून हरखले होते, आबा मात्र रानाच्या खालच्या अंगाला जाऊन उभे राहायचे. पूर्वी प्रत्येक रानाला खालच्या बाजूनं चर असायचा, तो ओघळीला मिळायचा, ओघळ ओढ्याला, ओढा कृष्णेला. मृगाच्या आधी प्रत्येकानं आपापल्या हद्दीतला चर उकरायचा, ही गावची रीत. कुणी टाळलं तर शेजारी भांडायला यायचा. आबा तात्यांना म्हणाले होते, "आल्यालं पाणी दिसतं, ऱ्हायल्यालं दिसत न्हाई. आधी जाणाऱ्या पाण्याची वाट बघ, मग येणाऱ्याची." तात्यांनी आबांचा शब्द पाळला, चर उकरत राहिले. पण शिवार काही एकट्याचं नसतं. उसाच्या चार सऱ्या वाढाव्यात म्हणून कुठं चर बुजला, कुठं ओघळ नांगरली गेली, कुठं ओढ्याच्या पात्रात लागण झाली. खालचं दार बंद झालं आणि वरून पाणी चालूच राहिलं.

आमच्याकडं वर्षाला पाऊस साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर. त्या पावसावर तयार झालेली ही माती. तिला बारा महिने, सरी तुडुंब भरून पाणी मिळू लागलं. काळीतून पाणी सावकाश झिरपतं. खालची पाण्याची पातळी हळूहळू वर आली, मुळांपर्यंत पोचली. मातीत मुळातले क्षार असतातच, ते त्या पाण्यात विरघळले. उन्हानं वरचं पाणी उडून जायचं, क्षार तिथंच राहायचे, खालून पुन्हा पाणी चढायचं. वर्षांमागून वर्षं हे होत राहिलं आणि एका उन्हाळ्यात रानाच्या खोलगट कोपऱ्यात मीठ फुटलं.

ती पांढरी फूट मी पहिल्यांदा पाहिली ती आमच्या चुलत्यांच्या मळ्यात. अण्णांनी बोटानं ती पांढरी भुकटी उचलली, जिभेला लावली आणि काही न बोलता बांधावर बसले. पुढं सगळं क्रमानं झालं. आधी हरभरा उगवेना, मग तूर वाळली, मग गव्हाला चट्टे पडले. उसानं सगळ्यात जास्त दिवस तग धरला, पण साठ टनांचं रान वीस टनांवर आलं. विहिरीचं गोडं पाणी मचूळ झालं. मातीत सोडियम वाढला की चिकणमातीचे कण सुटे होतात, हवापाण्याची वाट बंद होते. तशी ती जमीन चोपण झाली. ओली असताना साबणासारखी निसरडी, वाळली की कुदळ उसळावी अशी कठीण. उन्हाळ्यातल्या भेगाही पूर्वीसारख्या पडेनात. शेवटी त्या सोळा आण्यांच्या रानात पाणकणीस, लव्हाळा आणि वेडी बाभूळ उभी राहिली. मिरज, वाळवा, पलूस, शिरोळ, कुठल्याही तालुक्यात नदीकाठानं गेलं की असे पट्टे दिसू लागले. काही ठिकाणी मळीचा पोयटा वीटभट्ट्यांकडं गेला आणि कृष्णेनं शतकानुशतकं आणून टाकलेली माती ट्रॉलीत भरून शिवाराबाहेर पडली.

हे सगळं आमच्या आधी दुसऱ्यांनी सोसलेलं होतं, हे मी पुढं वाचलं. नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात सुरू झाला आणि पंचवीस वर्षांच्या आतच बारामतीच्या बाजूच्या जमिनी खारावू लागल्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींचा अहवाल लिहिला. पाणी, काळी माती आणि निचऱ्याचा अभाव एकत्र आले की काय होतं, ते त्यांनी आमच्या आबांच्या तरुणपणाआधी सांगून ठेवलं होतं. तेव्हाचं ते ज्ञान आमच्या पाणीपुरवठा संस्थांच्या सभांपर्यंत पोचलं असतं, तर कृष्णाकाठ वेगळा दिसला असता.

इकडं काळीची प्रत उतरत होती आणि तिकडं माळाचं नशीब उघडत होतं. तासगाव, कवठेमहांकाळच्या मुरमाड रानांत द्राक्षबागा उभ्या राहिल्या. तासगावच्याच बागेतून निवडलेला 'तास-ए-गणेश' हा द्राक्षाचा वाण महाराष्ट्रभर गेला. मुरमातून पाणी चटकन निघून जातं, मुळांना हवा मिळते, आणि द्राक्षाला नेमकं तेच हवं. माळावरच्या माणसांनी चर खणले, तळ्यातला गाळ आणून भरला, ठिबकनं थेंब थेंब पाणी दिलं. पुढं ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांचं पाणी दुष्काळी पूर्वभागात पोचलं. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या घरांतली नातवंडं आज बेदाण्याच्या सौद्याला तासगावच्या पेठेत उभी असतात. आमच्याकडं शाळू काढायला येणाऱ्या एका मावशींचा नातू परवा भेटला. त्यानं बागेतल्या द्राक्षांची पेटी माझ्या हातात दिली, पाया पडला आणि म्हणाला, "आज्जीला तुमच्या आज्जीनं दिल्यालं धान्य अजून सांगतो आम्ही घरात." माझे डोळे भरून आले. माळ फुलला याचा मला मनापासून आनंद आहे. आता त्या मुरमातही पाणी वाढतंय, म्हणून आमच्या काठावर जे घडलं ते त्यांनी येऊन बघावं आणि वेळेत सावध व्हावं, एवढीच माझी विनवणी.

काठावरच्या रानांची गोष्ट मात्र तिथं संपली नाही. मिरज तालुक्यातल्या कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात क्षारपड जमिनींवर वर्षानुवर्षं काम झालं. रानात तीन-चार फूट खोल सच्छिद्र पाइप गाडायचे, त्यांना गाळणीचं कापड गुंडाळायचं, म्हणजे भोकं मातीनं बुजत नाहीत. सगळे पाइप एका मोठ्या पाइपाला जोडून त्याचं तोंड ओढ्यात काढायचं. चोपण असेल तर वरून जिप्सम पसरायचं. जिप्सममधला कॅल्शियम मातीतल्या सोडियमची जागा घेतो, सुटलेले क्षार पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरतात आणि पाइपातून बाहेर पडतात. मग धैंचा किंवा ताग पेरून फुलोऱ्याआधी गाडायचा. दोन-तीन पावसाळ्यांत रान पुन्हा बोलू लागतं.

हे काम एकट्यानं होत नाही, हाच यातला मोठा धडा. माझ्या रानातलं पाणी शेजाऱ्याच्या रानातून जाणार, त्याचं पुढच्याच्या. शिरोळ तालुक्यात श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं शेतकऱ्यांनी गटागटानं असं काम केलं. बांधाला बांध लावून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात उभी असलेली माणसं मुख्य पाइपासाठी एकत्र बसली. ते कळल्यावर आमच्या गावातल्या तरुणांनीही सभा घेतली. माझा पुतण्या कृषी पदविका झालेला, त्यानं नकाशा पसरून जुने चर, ओघळी, ओढा कुठून कुठं जात होता ते विचारलं. गावातली म्हातारी माणसं काठी टेकत शिवारात आली आणि बुजलेल्या ओघळी त्यांनी चालत दाखवल्या. जिथं जिथं ती थांबली तिथं तिथं पोरांनी खुंट्या ठोकल्या. नव्या पाइपांची मुख्य ओळ जवळजवळ जुन्या ओघळीवरूनच गेली.

पाइपाच्या तोंडातून पहिलं पाणी बाहेर पडलं तेव्हा मी तिथं होतो. तांबूस, खारट पाणी होतं. पुतण्यानं त्यात क्षारता मोजायचं यंत्र बुडवलं, आकडा वहीत लिहिला. पावसाळ्यानंतर तो पुन्हा आकडे लिहायला गेला आणि ते उतरत चाललेले बघून त्यानं मला फोनवरून वाचून दाखवले. मार्कलिस्ट वाचावी तशा उत्साहात वाचत होता. गेल्या रब्बीत अण्णांच्या मळ्यात हरभरा उगवला. जो सगळ्यात आधी गेला होता, तो परत आला. अण्णा आता थकलेत, पण खुर्ची टाकून रानात बसले. घाटे भरल्यावर सगळं घर हावळा करायला जमलं. काळ्या झालेल्या बोटांनी हरभरे सोलून खाताना जावाजावांमध्ये, चुलत-सख्ख्यांमध्ये कितीतरी वर्षांनी एवढं हसणं झालं.

आता गावात पाचट जाळणारे कमी झाले, सरीत दाबणारे वाढले. ठिबक वाढलं. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर नांगरणीशिवायच्या शेतीबद्दल जे लिहितात-बोलतात, ते आमची पोरं वाचतात आणि पारावर त्यावर वाद घालतात. 'फुले २६५' हा उसाचा वाण थोडेफार क्षार सोसतो म्हणून काठाला लागतो. उसामागं पुन्हा हरभरा, भुईमूग घेऊन फेरपालट करणारी घरं दिसू लागली. आबा असते तर बेवड परत आला म्हणून त्यांनी गूळ वाटला असता.

हे वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जण माझ्यासारखे नोकरीपायी पुण्या-मुंबईला, त्याहून लांब गेलेले, आणि गावच्या सातबाऱ्यावर नाव असलेले आहेत. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा एक काम करा. रान बघायला जाताना खुरपं आणि पिशवी न्या. शेतात पाच-सात ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खड्डा घेऊन कडेची माती गोळा करा, एकत्र मिसळा आणि अर्धा किलो तपासायला द्या. २०१५ पासून मृद आरोग्य पत्रिका मिळते, तिच्यावर सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब असे बारा आकडे असतात. ते आकडे भावाशी, पुतण्याशी बसून वाचा. मग रानाच्या खालच्या अंगाला जा आणि पाणी कुठून बाहेर पडतं ते बघा. वाट बुजली असेल तर शेजाऱ्याच्या घरी फराळाला जा आणि तो विषय काढा. जुनं भांडण असेल तर दिवाळीसारखा मुहूर्त दुसरा नाही.

मागच्या पिढ्यांनी आपल्या हाती रान दिलं, तेव्हा त्याच्याबरोबर चर दिला, ओघळ दिली, विहिरीचं गोडं पाणी दिलं आणि कसलेली माती दिली. पुढच्यांच्या हाती नुसता सातबारा देऊन आपलं देणं फिटणार नाही.